मागे दादा उभा असताना

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या टॉवरच्या पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडून उभा होतो. फोन पुतण्याचा होता. "काका, बाबा गेले. आंघोळीचं पाणी काढलं होतं, जरा बसतो म्हणाले खुर्चीत..." एवढंच तो बोलला. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी प्रधान शेजारी गाडी पुसून घेत उभे होते. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "काय झालं सावंत? कोण गेलं?" मी म्हणालो, "आमच्या जुन्या चाळीतले एकजण. ओळखीचे." प्रधान हळहळले, "अरेरे" म्हणाले. मी गाडीत बसलो आणि गाडी सुरू केली.

माझा सख्खा भाऊ गेला होता आणि मी त्याला 'ओळखीचे' म्हणालो. धक्क्यात माणूस काहीही बोलतो, असं कुणी समजूत घालायला म्हणेल. पण मी धक्क्यात बोललो नाही. प्रधानांना मी दादाबद्दल काही वर्षांपूर्वी एक खोटं सांगून ठेवलं होतं आणि भाऊ गेल्याचं कळल्यावर मला पहिल्यांदा सुचलं ते हे, की ते खोटं उघडं पडायला नको. दादाला जाऊन आता काही आठवडे झाले. दादावर चार शब्द लिही, असं चाळीतल्या जुन्या मित्रांनी सांगितलं. दादाबद्दल लिहायचं तर हे आधी लिहायला हवं, नाहीतर बाकीचं सगळं चांगलं चांगलं लिहिण्याचा मला अधिकार नाही.

दादाचं नाव सदानंद. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. वडील मी तान्हा असतानाच गेले, त्यामुळे दादाला मी कधी नुसता भाऊ म्हणून पाहिलंच नाही. डिलाईल रोडच्या चाळीत आमची एक खोली होती आणि त्या खोलीत आई खानावळ चालवायची. बायकामुलं कोकणात ठेवून गिरणीत राबायला आलेली माणसं आमच्याकडे जेवायला यायची, पाळी सुटेल तशी. त्यांना बसायला आईनं जाड मांजरपाटाची एक लांब पट्टी शिवली होती, दुहेरी, लाल काठाची. भिंतीलगत ती अंथरली की चार माणसं ओळीनं बसत. पाचवा आला तर त्यानं उंबऱ्यात थांबायचं. दादा त्या वेळी गिरणीत बदलीवर होता. म्हणजे रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं आणि कुणी कायमचा कामगार आला नसेल तर त्याच्या मागावर काम करायचं. नाहीतर घरी परत. असं किती दिवस चाललं कोण जाणे, पण शेवटी तो कायम झाला. चाळीत पेढे वाटले. आणि त्या पेढ्यांची चव जायच्या आत संप झाला.

संपाचं मला मोठं काही आठवत नाही, मी लहान होतो. मला आठवते ती पट्टी. आधी चारातले तीन बसायला लागले, मग दोन. एकेक जण गावी निघून गेला. एक दिवस आईनं पट्टी धुतली, वाळवली, गुंडाळी केली आणि दादानं ती माळ्यावर टाकली. खानावळ बंद झाली असं कुणी बोललं नाही. मग दादा रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीत जायला लागला आणि तिथंच राहिला. गिरणी पुन्हा सुरू झाली की जाईन, असं सुरुवातीला म्हणायचा. पुढे तेही म्हणेनासा झाला. संध्याकाळी घरी आला की त्याच्या कानांत भुसा असायचा. आई पदराच्या टोकानं तो काढायची आणि तो "गुदगुल्या होतत गो" म्हणून मान हलवायचा.

मला त्यानं माटुंग्याच्या कॉलेजात घातलं. एकदा मी डबा विसरलो तर वखारीतून मधल्या सुट्टीत तो डबा घेऊन आला. केसांत भुसा, पायांत तुटक्या वहाणा. मित्रांनी विचारलं, "हा कोण रे?" मी म्हणालो, "माझा भाऊ." सहज म्हणालो. त्यात काही धैर्य नव्हतं, विचारही नव्हता. सतराव्या वर्षी जे मला सहज जमलं, ते पंचेचाळिशीत का जमलं नाही, हे मी या आठवड्यांत पुन्हा पुन्हा स्वतःला विचारलं आहे.

नोकरी लागली, बढत्या मिळाल्या, लालबागला टॉवरमध्ये घर झालं. तो टॉवरही एका गिरणीच्याच जागेवर उभा आहे. "तुमची हीच का हो गिरणी?" असं लोक दादाला विचारायचे. तो म्हणायचा, "नाय, आमची पलीकडची. तिथं अजून पत्रेच मारलेत." मग मी गाडी घेतली. पहिल्यांदा ती चाळीत नेली तेव्हा गॅलऱ्यांतून माणसं वाकून बघत होती आणि दादा सगळ्या चाळीचा मालक असल्यासारखा फाटकात उभा होता. गाडी मागे घ्यायची असली की मागे उभं राहायचं हा त्याचा हक्क. हात हलवत "येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे" म्हणायचं आणि थांबायचं झालं की डिकीवर दोन थापा मारायच्या. तोंडानं 'बस' म्हणायचा नाही. दोन थापा पडल्या की बाबूनं ब्रेक दाबायचा. बाबू म्हणजे मी.

बंपर फुटला त्या दिवशीही तो असाच मागे उभा होता. गाडीच्या आत सेन्सर टीटीटी करून ओरडत होता, पण मागे दादा उभा असताना मी त्या यंत्राचं कशाला ऐकू? त्याच वेळी दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी "सदा, कोणाची रे गाडी?" म्हणून विचारलं. दादानं मान वर केली. "आमच्या बाबूची," एवढं तो अभिमानानं म्हणतोय तोवर गाडी नळाच्या दगडी कट्ट्यावर जाऊन आदळली. मागचा बंपर कोपऱ्यात फाटला आणि त्याच्याखालचा काळा पंख्यासारखा भाग, डिफ्युझर, लटकायला लागला. दादाचा चेहरा पडला. मी म्हणालो, "जाऊ दे रे, सर्व्हिस सेंटरला टाकतो." त्यानं ऐकलं नाही. गिरणीतलं त्याचं एक सूत्र होतं, ते आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. ज्याच्या मागावर धागा तुटला, त्यानंच तो जोडायचा, शेजारच्या मागवाल्याला हाक मारायची नाही. "मी मोडला, मीच बसवणार," तो म्हणाला. गाडीतलं त्याला काडीचं कळत नव्हतं. आयुष्यात त्यानं सायकलच्या पलीकडे कशाला पाना लावला नव्हता. पण तो ऐकेना, आणि खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. बऱ्याच वर्षांनी आम्ही दोघं मिळून काहीतरी करणार होतो.

ऑपेरा हाऊसकडच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून मी गाडीच्या रंगात रंगवलेला बंपर आणि नवा डिफ्युझर आणला. चाळीत जागा नव्हती म्हणून रविवारी सकाळी आमच्या पार्किंगमध्ये काम काढलं. दादा लुंगी आणि बनियनवर आला होता, खांद्यावर एक गुंडाळी. उघडली तर आईची पट्टी. "नव्या रंगाला जमिनीचा ओरखडा नको," म्हणाला. गाडीमागे त्यानं ती अंथरली आणि नवा बंपर तिच्यावर ठेवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत तो बरोबर मावला. आम्ही दोघं बघत राहिलो. "चार माणसांचा बंपर आहे रे," दादा म्हणाला.

मोबाईलवर एक व्हिडिओ लावून आम्ही सुरुवात केली. त्यातला माणूस इंग्रजीत बोलत होता. दादा थोडा वेळ लक्ष देऊन ऐकायचा आणि मग विचारायचा, "काय म्हणतो हा?"

"चाकाच्या बाजूनं हळू ओढा म्हणतो."

"एवढंच? मग मघापासून बोलतोय काय?"

दिवे काढले, डिकीच्या कडेचे स्क्रू काढले, चाकाजवळचे प्लास्टिकचे खिळे उपसले. जुना बंपर ओढताना दादानं डोळे मिटून घेतले होते. टक टक करत एकेक खाच सुटली आणि तो एकदम आमच्या हातांत आला तेव्हा आम्ही दोघं मागच्या मागे बसलो आणि हसत सुटलो. सेन्सर जुन्यातून काढून नव्यात घालायचे होते, ते मी केलं. मग डिफ्युझर.

"ह्या काळ्या तुकड्याचं काम काय रे?"

"खालून हवा येते ना, ती मोकळी करतो. जोरात पळताना गाडी रस्त्याला धरून राहते."

"जोरात? लालबागच्या सिग्नलला?" असं म्हणून त्यानं तो दोन्ही हातांनी धरून खाचांत बसवला आणि वर म्हणाला, "घे, झाली तुझी हवा मोकळी."

बंपर गाडीला चढवला. उजवी बाजू छान बसली. डावीकडची एक क्लिप दादाच्या हातून तुटली होती, त्यामुळे तिथं जराशी फट राहिली. ती मिटवायला तो गाडीखाली अर्धा शिरला, पाय बाहेर, लुंगी गुडघ्यापर्यंत सरकलेली, पावलांना ग्रीस. मी बाजूला उभा राहून टॉर्च धरला होता. आणि तेव्हा प्रधान आले. स्वच्छ पांढरे कपडे, हातात पूजेच्या फुलांची पुडी. "वा, घरच्या घरी काम काढलंय," म्हणाले. मग त्यांनी खाली त्या पायांकडे बघितलं. "मेकॅनिक कुठून मिळाला हो?"

इथं मला एक शब्द बोलायचा होता. मी म्हणालो, "आहेत ओळखीचे एक. मिस्त्री."

गाडीखाली आवाज थांबला. मी बघत होतो, त्या पावलांचे अंगठे क्षणभर ताठ झाले. मग पुन्हा पान्याचा आवाज सुरू झाला. प्रधानांनी वाकून विचारलं, "नाव काय मिस्त्री?" आतून उत्तर आलं, "सदा." नुसतं सदा. आडनाव त्यानं सांगितलं नाही. आमचं आडनाव एक आहे. इतक्या थोड्या वेळात त्याच्या ते लक्षात आलं होतं.

प्रधान गेले. दादा बाहेर आला, हात पुसले. मी काही बोलेन अशी वाट त्यानं पाहिली असेल की नाही, मला माहीत नाही. मी बोललो नाही. वर सुनीतानं, माझ्या बायकोनं, त्याच्यासाठी सुरमईचं तिखलं केलं होतं. मी म्हणालो, "चल, वर जेवायला." तो म्हणाला, "नको रे. लिफ्टमध्ये कोण भेटला तर तुला परत काहीतरी सांगावं लागेल." आवाजात राग नव्हता. पावसाचं दिसतंय, छत्री घे, असं सांगावं तसा तो म्हणाला. आणि चालत गेला. पट्टी माझ्या डिकीतच राहिली. वर जाऊन मी सुनीताला सांगितलं, त्याला घाई होती.

इथवरचं कदाचित विसरता आलं असतं. पण पुढे प्रधानांची गाडी खांबाला घासली आणि त्यांनी मला गाठलं. "पाठवा ना तुमच्या त्या मिस्त्रींना." मी दादाला फोन केला आणि म्हणालो, "मी नाही म्हणून सांगतो. गावी गेलेत म्हणतो." दादा म्हणाला, "तू मिस्त्री सांगितलंस ना? मग आता मिस्त्री आला नाही तर तू खोटा पडशील." मी नको म्हणालो, पण नेटानं म्हणालो नाही. तो आला. वॉचमननं त्याला कामगारांच्या दारानं आत घेतलं. मी खाली गेलो, सहज गेल्यासारखा. त्यानं माझ्याकडे बघून "नमस्कार साहेब" म्हटलं. माझ्या भावानं. मी मान हलवली.

ज्या माणसानं आयुष्यात एकच बंपर बसवला होता आणि तोही भावाबरोबर हसत, तो आता एकटा दुसऱ्याच्या महागड्या गाडीला हात घालत होता. बंपर ओढताना सेन्सरची वायर आधी सोडवायची असते, ती तो विसरला. मला ते दिसत होतं. 'दादा, वायर,' एवढं म्हटलं असतं तर पुरे होतं. पण तिथं दादा म्हणता येत नव्हतं आणि दुसरी हाक मला सुचली नाही... वायर तुटली, बंपरची खाच चिरली. प्रधान खवळले. "येत नाही तर हात कशाला लावता? तुम्हा लोकांना दुसऱ्याच्या वस्तूची किंमतच नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कुठून पकडून आणलंत याला, सावंत?"

मी म्हणालो, "सॉरी प्रधानसाहेब. माझीच चूक. पुन्हा नाही बोलावणार."

दादा म्हणाला, "चूक झाली साहेब." प्रधानांकडे बघून म्हणाला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. आपली पिशवी उचलली आणि निघाला. माझी गाडी शेजारीच उभी होती. तिच्यामागून जाताना त्यानं डिकीवर हलकेच दोन थापा मारल्या आणि कामगारांच्या दारानं बाहेर पडला.

त्यानंतर दादा आमच्या घरी आला नाही. गुडघा दुखतो, म्हणायचा. चाळीत मी जायचो, गणपतीला, सत्यनारायणाला. तो नेहमीसारखाच असायचा, चेष्टा करायचा, निघताना फाटकात मागे उभा राहून "येऊ दे, येऊ दे" करायचा. जाण्याच्या थोडे दिवस आधी, शेवटच्या भेटीत, त्यानं बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "ही फट राहिलीच बघ." मी म्हणालो, "राहू दे." तेव्हा बोलता आलं असतं. गॅलरीत कुणी नव्हतं, आम्ही दोघंच होतो. मी सीटबेल्ट लावला.

तो गेला त्या दिवशी चाळीत पोहोचलो तेव्हा माणसं जमली होती. मला काही करायला सुचत नव्हतं. मी गाडीपाशीच घुटमळत होतो. तळमजल्यावरचे बंडूकाका, दादाबरोबर गिरणीत असलेले, जवळ आले. गाडीकडे बघून म्हणाले, "हाच ना रे तो बंपर? सदानं बसवलेला?" ते सांगत राहिले. "अख्ख्या चाळीला सांगून झालं होतं त्याचं. माझ्या भावाच्या गाडीचा बंपर मी बसवला. त्याच्या टॉवरमध्ये जाऊन बसवला. नाक्यावर कुणाची गाडी दिसली की सुरू. आम्ही म्हणायचो, अरे सदा, पुरे, पाठ झालं आता..."

सगळं सांगायचा. फक्त मी त्याला काय म्हणालो तेवढं त्यानं कुणाला सांगितलं नाही. वहिनींनाही नाही. त्या आजही मला विचारतात, "भाऊजी, यांचा गुडघा एवढा दुखायचा तर तुमच्याकडच्या डॉक्टरांना का नाही दाखवला?"

हा लेख छापायला देण्याआधी मी प्रधानांकडे गेलो. छापलेलं वाचून त्यांना कळावं, हा पुन्हा पळपुटेपणा झाला असता. त्यांनी चहा मागवला. मी म्हणालो, "त्या दिवशी फोन आला तेव्हा मी ओळखीचे म्हणालो, ते माझे थोरले भाऊ होते. आणि तुमच्या गाडीचं काम करायला आले होते तेही तेच. मिस्त्री नव्हते ते." प्रधान कपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अहो, मी त्यांना काय काय बोललो. तुम्ही तिथंच उभे होतात." मी म्हणालो, "हो." ते म्हणाले, "मग बोलला का नाहीत?"

ते रागानं विचारत नव्हते. खरंच त्यांना समजून घ्यायचं होतं. लाज वाटली, असं उत्तर आहे. पण कशाची? लुंगीची, ग्रीसची, त्या पायांची? त्याच पायांनी तो वखारीतून कॉलेजात डबा घेऊन आला होता. चहा तसाच ठेवून मी उठलो.

आईची पट्टी मी वहिनींना परत द्यायला घेऊन गेलो होतो. लाल काठाजवळ ग्रीसचे डाग आहेत. त्यांनी ती उलगडून पाहिली, घडी घातली आणि मलाच परत दिली. "राहू द्या तुमच्या गाडीत, त्यांनी ठेवली होती ना," म्हणाल्या. ती डिकीत आहे. सर्व्हिस सेंटरचा मुलगा दर वेळी डाव्या कोपऱ्यात बोट घालून म्हणतो, "सर, ही गॅप दोन मिनिटांत बंद करून देतो." मी नको म्हणतो. परवा त्यानं विचारलं, "कोणी बसवला होता हा?"

"माझ्या भावानं," मी म्हणालो.

संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडी मागे घेतो. सेन्सर ओरडायला लागतो, पडद्यावर लाल रेघ येते, खांब जवळ येतो. थांबायला हवं हे कळतं. तरी पाय ब्रेकवर जायला उशीर होतो. मागून दोन थापा पडायच्या असतात.